मिठाला हात

तुळसाचा एक कायदा होता. जेवायला जायचं ते मांडी ठोकून बसायला नव्हे. सासरी, कापडे गावात, कुणाच्याही घरी गेली की आधी पदर खोचायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायची आणि म्हणायची, “लसूण दे गो, सोलते.” जेवणं झाली की भांडी घासायची. पण दुसऱ्याच्या चुलीपुढं बसायची नाय आणि मिठाला तर हातच लावायची नाय. मीठ टाकायचं ते घरच्या बाईनं, हे तिला आईनं शिकवलेलं. नाहीतर काही पाहुण्या असतात बाई, वाटीभर भाजी चिरतात नि घरभर हुकूम सोडतात!

आई गेली. वर्ष सरल्यावर तुळसा कुडपणला माहेरी आली. धाकट्या भावाची, भरतची बायको रेश्मा महाडची, रीतभात जाणणारी. “वन्सं, तुम्ही बसा,” म्हणाली. तुळसानं लसूण मागितला, तर तिनं चहा दिला. झाडू उचलला, तर तो हातातून काढून घेतला. जेवल्यावर ताटही उचलू दिलं नाय. पोरगी गुणाचीच हो, पण तुळसाच्या मनात आलं, आईबरोबर माहेरही गेलं म्हणायचं? ज्या घरात रांगली, त्याच घरात ती आता पाहुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी पठारावरचं धुकं पडवीत शिरलं. समोरचा आंबा दिसेना, गोठा दिसेना. तुळसा खांबाला टेकून बसली, हात मांडीत रिकामे. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप थप, अगदी आईसारखा. तिचे डोळे मिटले. धुक्यातून आई आली, डोक्यावर हंडा, काठ ओला झालेलं लुगडं. हसली नि आत गेली. तुळसालाही मागोमाग जावंसं वाटलं, पण पाय उचलेनात. पाहुणीनं आत कसं जायचं?

तेवढ्यात आतून रेश्माचा खणखणीत आवाज आला, “अहो वन्सं, बसलात काय नुसत्या? पोर रडतंय, माझे हात पिठात. कालवणात मीठ टाका आधी!”

गोठ्यातून भरत ओरडला, “अगो, पाहुण्यांवर खेकसतेस काय?”

“गप रे भरत!” तुळसा ताडकन उठली. “पाहुणी कोण हाय इथं?”

तिनं पदर खोचला. डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं. पण मिठाची बरणी आईच्याच जागी होती, चुलीच्या डाव्या अंगाला, आणि हात बरोब्बर तिथंच गेला.