कंदील जळत होता

विहिरीची भीती मला लहानपणापासून. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर, मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा. मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढताना दरड कोसळली आणि माझा काका आतच राहिला. तेव्हापासून मी विहिरीच्या काठाजवळही जात नसे. अशा माणसाने सॅपर्समध्ये भरती व्हावं, याला अक्कल म्हणत नाहीत. सॅपर म्हणजे फौजेसाठी रस्ते, पूल बांधणारा आणि पाणी काढणारा जवान. अमरावतीच्या भरती ऑफिसात हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

उत्तम माझ्याबरोबर त्याच दिवशी भरती झाला. तो अमरावतीच्याच राजापेठेतला, त्याची आई फुलं विकायची. ट्रेनिंगपासून आमचे बिछाने शेजारी. माझी भीती फक्त त्याला ठाऊक होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात आमची कंपनी ब्रह्मदेशात होती. काम एकच, पलटणींना पाणी पुरवायचं. त्या गावची विहीर फार खोल. पंपाला वरून पाणी ओढेना, म्हणून विहिरीच्या आत, निम्म्यावर, फळ्यांचा माळा बांधून इंजिन तिथे ठेवलं. सकाळी सहाला सुरू केलं. पावणेदहाला ते बंद पडलं.

उतरायची पाळी माझी होती.

सुभेदारसाहेबांनी सेक्शनला उभं केलं. "किसी को डर लगता है तो अभी बोलो. दो घंटे रुकेंगे, हवा साफ होने देंगे."

दहा जणांसमोर भित्रा ठरायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "साब, पेट में दर्द है."

उत्तमने माझ्याकडे पाहिलं. "साब, मैं जाता हूँ." मग मला हळूच म्हणाला, "बस तू. तुह्यं पोट मले मालूम हाय."

त्याने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दोरीला कंदील बांधून आधी आत सोडला. कंदील विझला तर हवा वाईट, उतरायचं नाही. जळत राहिला तर खुशाल उतरायचं. वऱ्हाडात पोरासोरांनाही हे माहीत असतं.

"मस्त जळून राहिला," उत्तम म्हणाला आणि उतरला.

इंजिनाच्या धुरातल्या विषाने कंदील विझत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी मी वरून हाक मारली. "उत्तम, काय झालं?"

"डोकं जड..." एवढंच ऐकू आलं.

मी कमरेला दोर बांधला, श्वास कोंडला आणि उतरलो. त्याला दोराला बांधून वर पाठवलं, मागून मलाही ओढून काढलं. डॉक्टरने मान हलवली. उत्तम गेला होता. आत कंदील तसाच जळत होता. मला उतरता येत होतं, ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

लढाई संपली, घरी आलो. उत्तमच्या आईला भेटायला तीनदा अकोला स्टेशनवर गेलो आणि तिकीट हातात घेऊन तीनदा परतलो. चौथ्यांदा मात्र गाडीत बसलो. राजापेठेत म्हातारी हार गुंफत होती. मी सगळं सांगितलं, पोटदुखीचं खोटंसुद्धा.

"मंग तवा कावून नाही बोलला?"

"लाज वाटली, माय."

"माह्या पोराले मालूम व्हतं ना तू भेतोस?"

"हो."

"हासला का तो तुले?"

"नाही."

तिने सुई खाली ठेवली. "मंग लाज कोनाची धरली, बाबू?"

हा प्रश्न घेऊनच मी अकोल्याला परतलो.

आता आमच्याही विहिरीत इंजिन आहे. दर उन्हाळ्यात गाळ काढायच्या आधी गड्यांना उभं करून विचारतो, "कोनाले भेव लागते?" आधी मीच हात वर करतो. मग एखादा हात हळूच वर येतो. त्या दिवशी काम बंद.

नवा गडी कुरकुरतो, "मालक, कायले थांबाचं? कंदील तं जळून राहिला."

मग मी त्याला बांधावर बसवतो आणि उत्तमचं सांगतो.