गौर आणताना बोलायचं नसतं

आमचं गाव काल्हेरच्या पुढे, खाडीच्या काठाला. घरं एका बाजूला, घाट दुसऱ्या बाजूला आणि मधून भिवंडीचा रस्ता. मी लग्न होऊन आले तेव्हाही तो डांबरीच होता, पण ओलांडता यायचा. मग गोडाउनं उभी राहिली, कंटेनर सुरू झाले, रस्ता रुंद झाला. घाटाच्या वाटेसमोर दुभाजकात माणूस जाईल एवढी फट ठेवली आणि साहेबलोक मोकळे झाले. सिग्नल नाही, गतिरोधकही नाही. गतिरोधकानं म्हणे मालाच्या गाड्यांना उशीर होतो!

दर वर्षी गौर आणायला आम्ही दोघी जावा घाटावर जातो. तेरड्याची रोपं मुळासकट उपटायची, धुवायची, सुपात ठेवायची. सूप धाकट्या जावेच्या हातात, पुढे घंटा वाजवत मी. पाण्यापासून उंबऱ्यापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं तर गौर वाटेतूनच परत जाते, असं सासूबाईंनी शिकवलं आणि आम्ही मान डोलावली.

त्या वर्षी एका भल्या ट्रकवाल्यानं गाडी थांबवून हातानं 'जा' म्हणून खूण केली. मी झपाझप दुभाजकापर्यंत पोचले. वळून पाहते तर ट्रकच्या मागून एक टेम्पो बाहेर पडून सुसाट येतोय. जाऊ अजून ट्रकच्या तोंडासमोर होती. तिला टेम्पो दिसणं शक्यच नव्हतं. 'थांब' एवढा एक शब्द पुरला असता. तो माझ्या ओठांवर आला होता. आणि मी काय केलं? घंटा जोरात वाजवली. त्या रस्त्यावर, त्या हॉर्नच्या गोंगाटात, घंटा!

टेम्पोनं तिचा पाय मोडला. ती आडवी पडली, पण सूप दोन्ही हातांनी वर धरलेलं. माणसं धावली. "दीदी, कहाँ लगा?" कुणी विचारत होतं, कुणी पाणी पाजत होतं. ती ओठ घट्ट मिटून बघत राहिली. "गूंगी है क्या?" एकानं विचारलं. तेव्हा टायरच्या दुकानातले चाचा पुढे आले. त्यांचा जन्म इथलाच. "तिला इचारू नका," ते म्हणाले, "गौर हाय तिच्या हातान. बोलाची न्हाय ती." मग त्यांनी रिक्षा आणली. तिनं सूप माझ्याकडे दिलं, तेही मुकाट्यानं, आणि मी ते घेऊन घरी आले. जखमी बाईला परक्यांच्या हवाली करून मी तेरडा घरी आणला. आजही हे लिहिताना अंगाचा तिळपापड होतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले तर ती माझा हात धरून म्हणते, "तू वरडली न्हायस ना बाय, ता बरा झाला. गौर तरी नीट घरान आली."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. नंतर स्वतःच्या.

गतिरोधकासाठी अर्ज घेऊन मी रस्त्याच्या कार्यालयात गेले. साहेबांनी वाचला, हसले. "बाई, रिक्षानं आणा ना गौरी. चालत कशाला?" तेरड्याचं निमित्त आहे हो, पण त्याच फटीतून आमची पोरं रोज शाळेला जातात, त्यांनीही रिक्षा करायची का, असं मी विचारलं. त्यांनी फायलीत तोंड घातलं. गावात तरी काय? बाई पडली पण एक पान सांडलं नाही, म्हणून घरोघरी कौतुक. तिच्या पायात सळई आहे, ती लंगडते, याचा राग कुणालाच नाही.

पुढच्या गौरीला तिनं हट्टानं सूप हातात घेतलं. आम्ही रस्त्याकाठी आलो. तिनं लंगडा पाय पुढे टाकला आणि मी ओरडले, "थांब!" उजवीकडे बघितलं, पुन्हा ओरडले, "आता चल! लवकर चल!" दुभाजकाशी परत "थांब!" अख्खा रस्ता मी बोंबलत पार केला.

ती एक शब्द बोलली नाही. गौर घरात बसली, नैवेद्य झाला, तिसऱ्या दिवशी गौर गेली. त्यानंतरही ती माझ्याशी बोललेली नाही.