भारा उतरवायचा ओटा

माघ सरत आला होता, तरी सातपुड्याच्या पायथ्याशी सकाळी बोटं गारठत होती. दहा वाजले की हाच वारा पालटायचा आणि दुपारी डांबर चपलेला धरू लागायचं. म्हणून लोटन मैलकुलीने झाडांचं काम सकाळीच काढलं होतं. एका डब्यात गेरू, दुसऱ्यात चुना. खोडाला खालून हातभर गेरू फासायचा, त्यावर चार बोटं चुन्याचा पट्टा ओढायचा आणि पुढच्या झाडाकडे सरकायचं. तिसऱ्या अंजनापाशी तो वाकला तो तसाच थोडा वेळ राहिला. उठायचं म्हणजे आधी गुडघ्यावर हात ठेवून मनाशी ठरवावं लागे.

शिरपूरकडून डोंगरात चढणाऱ्या त्या रस्त्याचा सात किलोमीटरचा तुकडा एकतीस वर्षं त्याच्याकडे होता. कागदावर त्याच्या हुद्द्याचं नाव दोनदा बदललं. काम मात्र तेच राहिलं. खड्डा भर, मोरी साफ कर, वळणावरची बारीक खडी झाड, वाढलेलं गवत काप. निवृत्तीला तीन महिने उरले होते. पण शरीर कधीच निवृत्त होऊन बसलं होतं, नुसती सही बाकी होती.

अशा उतरत्या वयात त्याच्या रस्त्याचं नशीब उघडलं. वरून हुकूम आला, हा रस्ता आता निसर्गरम्य मार्ग होणार. तिसऱ्या वळणावरून खाली सगळा मुलूख दिसतो, केळीचे हिरवे पट्टे, कापसाची काळी रानं आणि हवा स्वच्छ असली तर दूर तापीची चकाकी. तिथे गाड्या थांबायला जागा, फरसबंदी, बसायला दगडी बाकं आणि नाल्याकडे उतरणारी पायवाट करायची होती. आराखडा काढायला धुळ्याहून हेमांगी मॅडम येत. वय तिशीचं. आजवर आलेले साहेब जीपच्या काचेतून रस्ता बघून जायचे, ही बाई सातही किलोमीटर पायी चालली. लोटनला झाडांची नावं विचारून वहीत लिहून घेतली. दोन जुने अंजन वाचावेत म्हणून गाड्यांची जागाच तिने अलीकडे ओढली. लोटनने घरी बायकोला सांगितलं की या पोरीला झाडं दिसतात.

ओटा मात्र तिला दिसला नाही.

दिसण्यासारखं त्यात काही नव्हतंही. त्याच तिसऱ्या वळणाच्या कडेला बिनमातीचे रचलेले दगड, माणसाच्या खांद्याइतके उंच, वर दोन सपाट शिळा. अर्धवट सोडलेल्या भिंतीसारखं ध्यान. मोजणीच्या कागदावर त्याची नोंद 'मोडकी भिंत' अशीच झाली. पण रानातून लाकडाची मोळी नाहीतर गवताचा भारा घेऊन येणाऱ्या बाईला विचारलं असतं, तर तिने वेगळं सांगितलं असतं. डोक्यावर मणभर ओझं घेऊन एकटी बाई कोसभर चालते. दम लागला म्हणून भारा खाली टाकला, तर परत डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. या ओट्याला पाठ लावून उभं राहिलं की भारा आपोआप मागे शिळेवर सरकतो. दम खायचा, पाणी प्यायचं, पुन्हा डोकं खाली घालून भारा ओढून घ्यायचा आणि चालू लागायचं. कोणाचे उपकार नकोत.

अठरा वर्षांमागे लोटनची बायको धुरपदाबाई अशीच एकटी मोळी घेऊन आली. वाटेत उचलू लागायला कोणी भेटेना म्हणून ती न थांबता घरापर्यंत आली आणि पुढे दोन दिवस तिची मान वळेना. खालच्या नाल्यावरची जुनी फरशी, म्हणजे ठेंगणा दगडी पूल, तेव्हा नुकतीच तोडली होती, दगड पाण्यात पडून होते. सुट्टीच्या दिवशी लोटन ते एकेक करून वर आणत गेला. चार रविवारांत ओटा उभा राहिला. दगड खात्याचे होते. विचारलं कोणाला नव्हतं.

म्हणून योगराज साहेबांनी, म्हणजे त्या रस्त्याच्या इंजिनियरांनी, सोमवारपर्यंत ती मोडकी भिंत काढून टाका असं सांगितलं, तेव्हा लोटनच्या जिभेवर आलेलं परत गेलं. निवृत्तीचे कागद धुळ्याला गेलेले. कोणी बांधला, कोणाच्या दगडाने, कोणाला विचारून, हे सुरू झालं की कागद तिथेच बसणार. तो 'हो साहेब' म्हणाला.

घरी धुरपदाबाईने ते ऐकलं. ती डाळीतले खडे वेचत होती, वेचतच राहिली.

"एकतीस वरीस हो म्हनत उनात," ती म्हणाली, "आते आखो एकदाव म्हना."

सोमवारी लोटनने पहार घातली. दोन्ही शिळा खाली लोटल्या, त्याखालचे दोन थर सुटे केले आणि घोटभर पाणी पिऊन तिथेच टेकला. साहेब आणि मॅडम पलीकडे जीपच्या बॉनेटवर आराखडा पसरून बोलत होते. अकराच्या सुमारास वरून तीन बाया भारे घेऊन उतरल्या. पुढे भागाबाई होती. साठी उलटलेली, पण रानात तिच्याआधी कोणी पोचत नसे. डोक्यावर भारा असल्याने तिला समोरची वाट तेवढी दिसत होती. सवयीने ती वळणाशी आली, सवयीने पाठ फिरवली आणि अंग मागे टाकलं. मागे खांद्याला काहीच लागलं नाही. भारा कलला, त्याबरोबर भागाबाईही.

लोटन कसा उठला ते त्यालाही कळलं नाही. त्याने भाऱ्याखाली दोन्ही हात घातले, कसाबसा तो उतरवला, मग उरलेल्या दोघींचेही उतरवले. कंबरेत कळ आली ती त्याने दात आवळून जिरवली.

हेमांगी धावत आली. बाईला लागलं नाही हे पाहून तिला हायसं वाटलं. जमिनीवरच्या चुन्याच्या रेघा दाखवत ती समजावू लागली, की मावशी, थोडे दिवस थांबा, इथे छान बाकं होणार आहेत, सावली होणार आहे, तुम्हाला आरामात बसता येईल.

भागाबाईने पदराने मान पुसली.

"बठाले बठ्ठं रान पडेल शे, माय. भारा कोठे ठेवू, ते सांग."

बाकाशेजारी खाली ठेवा की, असं हेमांगी म्हणाली.

"आनि उचली कोन दी? हाऊ लोटन? याले ते तीन महिनामा घर धाडतस."

बाया हसल्या. हेमांगी हसली नाही. ती त्या अर्ध्या ढिगाकडे आणि खाली पडलेल्या शिळांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, हे कोणी बांधलं होतं? गावातल्या कोणीतरी, योगराज साहेब म्हणाले, अतिक्रमणच म्हणायचं. लोटनने पहारीला धरून अंग सावरलं. त्याला एकाएकी फार थकल्यासारखं झालं, आणि त्या थकव्यात भीतीसुद्धा वाहून नेण्याइतकं बळ उरलं नाही.

"मी बांधला मॅडम," तो म्हणाला. "जुन्या फरशीचे दगड होते. कोणाला विचारलं नव्हतं."

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. आबा, तीन महिने राहिले असताना हे तुम्हाला सुचलं का, असं ते रागापेक्षा कंटाळ्यानेच म्हणाले. आता ऐकलं म्हटल्यावर मला लिहावं लागेल, असंही म्हणाले.

हेमांगीने पिशवीतून टेप काढला आणि भागाबाईला सरळ उभं राहायला सांगितलं. जमिनीपासून खांद्यापर्यंत. मग दुसरीचं, मग तिसरीचं.

"माप लई ऱ्हायनी," भागाबाई म्हणाली, "झंपर शिवी देशी का मन्हं?"

या वेळी हेमांगीही हसली, पण तिचं अर्धं लक्ष आकड्यांत होतं. अडचण पुढे आली. मंजूर कामांच्या यादीत बाक होतं, कठडा होता, फलक होता, भारा उतरवायचा ओटा कुठेच नव्हता. साहेबांनी पानं उलटून दाखवली. हेमांगीने विचार करून नकाशावर त्या जागी एक रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, 'स्थानिक दगडातील दर्शनी भिंत'. तसली शोभेची भिंत यादीत होती. साहेबांनी मान हलवली. भिंत म्हणजे भिंत, त्यांना हरकत नव्हती.

पंधरा दिवसांनी लोटनला खात्याचा कागद आला. सरकारी दगड विनापरवानगी वापरल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. एकतीस वर्षांतला पहिलाच. त्याने गावातल्या मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं, पडीक दगड होते, लोकांच्या सोयीसाठी वापरले, चूक झाली, पुन्हा होणार नाही. घरी वाचून दाखवलं तेव्हा शेवटच्या वाक्याशी धुरपदाबाईने त्याला थांबवलं आणि हे खरं का, असं विचारलं.

"पुन्हा कशाले व्हई," लोटन म्हणाला. "दगड उचलाले हात कोठे शेत?"

निवृत्तीचे कागद तिथेच थांबले. खुलाशावर निर्णय झाला की पुढे सरकतील, असं सांगण्यात आलं.

चैत्रात भिंत पुरी झाली. खांद्याइतकी उंच, वर सपाट, सिमेंटने पक्की. जुन्या शिळांपैकी एक गवंड्याने वर बसवली, दुसरी कुठे गेली कोण जाणे. हेमांगी मॅडम तोवर जळगावकडच्या एका बागेच्या कामावर गेल्या होत्या. भिंत बांधून झाली आणि आठवड्याने भिंतीच्या टोकाला कोणीतरी निळा फलक रोवला. दर्शनी भिंतीवर सामान ठेवू नये. लोटनला निरोप होता, की लोक पाळतात की नाही यावर लक्ष ठेवा.

तो फलकापाशी उभा असतानाच वरून भागाबाई आली. तिने पाठ फिरवली, अंग मागे टाकलं आणि भारा भिंतीवर सरकला. डोक्यावरची चुंबळ काढून तिने फलकाच्या कोपऱ्याला अडकवली आणि घाम पुसत विचारलं, हे काय लिहिलंय?

"आठे काही ठेवू नका, आसं लिखेल शे."

भागाबाईने भाऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मंग?"

"मंग काही नही. माले मोरी साफ करानी शे."

त्याने फावडं उचललं आणि उतार धरून तो रस्त्याखालच्या मोरीकडे गेला. तोंडाशी सागाची वाळकी पानं कमरेइतकी साचली होती, त्यात वेफरची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या. लोटनने गुडघ्यावर हात ठेवून बूड टेकवलं, बाटल्या एका बाजूला काढल्या आणि पानं ओढायला लागला.