ज्यांच्या अल्बमची सालं काढली, त्यांच्याच घरी जेवायला

ज्या अल्बमची आपण जाहीर सालं काढली, त्याच बँडकडून 'आमच्या शोला या ना' असं आमंत्रण आलं, तर शहाणा माणूस फोन बंद करून ठेवतो. मी नांदेड ते सिकंदराबाद तिकीट काढलं.

आधी माझा गुन्हा सांगते. हैदराबादचा 'बुधवारचा टँकर' हा चार पोरांचा बँड. अर्धी दखनी, अर्धी मराठी गाणी आणि गरजेपेक्षा जास्त गिटार. त्यांच्या पहिल्या अल्बमवर मी याच ब्लॉगवर लिहिलं होतं: 'गायकाचा आवाज म्हणजे सर्दी झालेला बोकड. ड्रमर बहुधा शेजारच्या खोलीत दुसऱ्याच बँडसाठी वाजवतोय. चौथं गाणं म्हणजे मिक्सरमध्ये राहिलेला चमचा. सहाव्या गाण्यातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे त्याचा शेवट.' तुम्ही चाळीसेक वाचक पोट धरून हसलात, मीही स्वतःवर खूश होते. मग गायक सिद्धांतचा मेसेज आला: 'ताई, रिव्ह्यूसाठी थँक्यू! शनिवारी शो आहे, दुपारी घरी जेवायला या.' मला वाटलं, विष घालणार.

सकाळची गाडी धरा. पाच-सहा तास लागतात, स्लीपर दोनशेच्या आसपास. बासरला गोदावरी दिसते, तेवढ्यापुरते हेडफोन काढावेत. धर्माबादपर्यंत मी ईशान्येकडच्या एका त्रिकुटाचा अल्बम ऐकला. तो इतका उदास आहे की माझा चेहरा बघून समोरच्या आजोबांनी विचारलं, "बाई, घरी सगळं बरं आहे ना?" पुढे पुण्याचा एक बँड लावला. जगात प्रेमभंग फक्त आपलाच झाला, अशी त्यांची ठाम समजूत दिसते. कामारेड्डीला 'टँकर' पुन्हा लावला. म्हटलं, कदाचित मीच चुकले असेन. नव्हते चुकले.

सिकंदराबादहून कुकटपल्लीला मेट्रोनेच जा, अमीरपेटला गाडी बदलायची. रिक्षाने गेलात तर वाटेत दोन अल्बम ऐकून होतात.

स्टेशनाबाहेर सिद्धांत उभा होता. चोवीस-पंचवीसचा, ऑफिसचं कार्ड शनिवारीही गळ्यात.

"ताई, तुम्ही आले! आई सुबह से अंबाडी निवडत बसली." बाईक सुरू करता करता तो म्हणाला, "तुमचा रिव्ह्यू आईनं आम्हाला पूरा वाचून दाखवला. आम्हाला कुठं इतकं मराठी वाचता येतं? 'आवाजाला मातीचा वास आहे.' क्या लाईन लिहिली ताई! आणि आमच्या ड्रमरला, किरणला, 'स्वतंत्र विचारांचा' बोलले तुम्ही. तेलुगू पोरगा आहे तो, पण लाईन पाठ केली त्यानं."

यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नव्हतं.

त्याच्या आई, सुलोचनाकाकू, मूळ जिंतूरकडच्या. तीस वर्षांपासून सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात आहेत. "जय भीम, या," म्हणत त्यांनी थेट पानावरच बसवलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि आपली अंबाडी, जिला इथे गोंगुरा म्हणतात आणि दुप्पट तिखट करतात. जेवण झालं, सिद्धांत स्पीकर उचलायला खाली गेला आणि काकूंनी दार लोटून घेतलं.

"तुला वाटत असेल, म्हातारी खोटारडी आहे."

"काकू, मातीचा वास कुठून आणलात?"

"सर्दी झालेल्या बोकडाला वास असतोच की." मग त्या हसायच्या थांबल्या. "दोन वर्षं एक रविवार स्वस्थ बसला नाही पोरगा. अल्बम आला, कुणी एक ओळ लिहिली नाही. लिहिलं कुणी, तर तू. आणि असं! वाचता वाचता मी शब्द बदलत गेले. आजच्या दिवस खरं बोलू नकोस, बाई."

मी 'बरं' म्हटलं आणि स्वतःचाच राग आला. खोटं कौतुक करायचं नाही, एवढी एकच अब्रू आहे या ब्लॉगला.

शो संध्याकाळी साडेसहाला, एका कॅफेच्या गच्चीवर होता. तीस माणसं, त्यातली दहा सिद्धांतची मावस-चुलत भावंडं. किरण ऑफिसहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकला, म्हणून पहिलं गाणं ड्रमशिवाय सुरू झालं. ते अल्बममधलं चौथं होतं, मिक्सरमधला चमचा. आज पहिल्यांदा त्याचे शब्द ऐकू आले. पोरगा आईबरोबर बसने सिकंदराबादला निघालाय. आई खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचून दाखवते, तेलुगू, उर्दू, इंग्रजी. मराठी पाटी एकही नाही. म्हणून ती भाषा तो तिच्या तोंडाकडे बघून शिकतो. व्याकरणाची हाडं मोडलेली होती, आवाज नाकातूनच होता, पण ते गाणं दुसऱ्या कुठल्या आवाजात चाललंच नसतं. माझी वही उघडीच राहिली, कोरी.

मग किरण पोहोचला आणि पुढची सगळी गाणी पूर्वीइतकीच वाईट झाली.

शो संपल्यावर आम्ही खालच्या दोशाच्या बंडीवर गेलो. त्या गाडीवरचा उपमा घातलेला दोसा जरूर खा. काकू नातेवाइकांना रिक्षात बसवून देत होत्या. मला राहवेना.

"सिद्धांत, मी खरं काय लिहिलं होतं ना..."

"बोकड?"

मी हातातला घास परत ताटलीत ठेवला.

"फोनमध्ये ट्रान्सलेट होतं, ताई. आईच्या आधीच वाचलो आम्ही. मी चार दिवस गायलो नाही. मग आई वाचायला बसली. बोकडापाशी अटकली, चष्मा पुसला, आणि मातीचा वास! आम्ही चौघं भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होतो. इतकं मन लावून खोटं वाचत होती... तिला नका सांगू."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"सहावं गाणं संपतं, हे कळायला शेवटपर्यंत ऐकावं लागतं. तुमच्याशिवाय कुणी ऐकलं नाही."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आज कसं झालं?"

मी सांगितलं. पहिलं गाणं मला स्वतःजवळ ठेवावंसं वाटलं. बाकीची नाही. त्याचा चेहरा उतरला, तो बराच वेळ चटणीत दोसा फिरवत राहिला. किरण मात्र म्हणाला, "कोई बात नहीं ताई, उस गाने में मैं बाहर बैठता."

रविवारी नांदेडला परतले. जुना लेख काढलेला नाही. त्यातलं बरंचसं अजूनही खरं आहे. पण चौथ्या गाण्याबद्दलची ओळ मी शब्द न ऐकताच लिहिली होती, टाळीसाठी. ती बोचतेय, आणि अजून काही दिवस बोचू दे.

हे सगळं लिहायचं तर अडचण होती, कारण काकू हा ब्लॉग वाचतात. सिद्धांतला विचारलं, तर म्हणाला, "तुम्हीच सांगा, मला नाही जमणार." मी फोन केला. म्हटलं, "काकू, पोरांना आधीपासून माहीत होतं."

पलीकडे टीव्ही बंद झाला.

"म्हणजे ती भिंतीकडे तोंड करून रडत नव्हती?"

"नाही काकू."

"आणि मी नंतर त्यांना खीर करून घातली!" मग त्या इतक्या हसल्या की फोन दूर धरावा लागला. शेवटी म्हणाल्या, "लिही तू. बरं झालं, आता मलाही त्याच्याशी खरं बोलता येईल. रविवारी सकाळी सहाला गिटार वाजवतो, माझी झोपमोड होते. दोन वर्षं बोलले नाही मी."

या रविवारी गिटार दहानंतर वाजली, असं सिद्धांत कळवतो.