दुसऱ्याच्या फोल्डरात ठेवलेला प्रोग्राम

बोईसरच्या त्या कारखान्यात मला नावाने कोणी हाक मारत नसे. 'ए नववी!' शाळा नववीत सोडून मी लातूरकडून आलेलो. आधी ड्रम भरले, मग साहेबाने डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर बसवलं. त्याचे उपकार मानतो. पण ज्याने बसवलं, तोच रोज उठवायला टपलेला.

कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. ड्रमची लेबलं छापणारा छोटा प्रोग्राम आधीच्या माणसाने पेनड्राइव्हवर देऊन ठेवलेला. तो मी यूएसआर-बिन या फोल्डरात टाकला. बाकीचे प्रोग्राम तिथेच दिसत होते, मग आपलाही तिथेच. एवढीच माझी अक्कल.

एका सोमवारी सिस्टीम अपडेट केली आणि लेबलं निघेनात. अपडेटमध्ये त्याच नावाचा दुसराच प्रोग्राम आला होता आणि त्याने माझा पुसून टाकला होता. गेटवर दोन ट्रक खोळंबले.

"नववीला पासवर्ड दिला, माझंच चुकलं," साहेब सगळ्यांदेखत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत चालू कर. नाहीतर उद्यापासून परत ड्रमवर."

मागून कुणी तरी हसलं, "चलो इंजिनियर साब, ड्रम बुला रहा है!"

लेबलं चिकटवणारी मावशी तारापूरकडची, घरी मासळीचा धंदा. हातात काम नव्हतं, म्हणून तिने काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

"मंग तुजीच चूक हाय," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या दोरीवर बोंबील सुकत घातलास, तर तो त्याच्याच टोपलीत जाणार. भांडायला पण तोंड नाय. तुजी दोरी कुठं हाय?"

चीडच आली. पण मोबाइलवर शोधलं, तर खरंच तसं होतं. यूएसआर-बिन सिस्टीमचं, आपण बाहेरून आणलेलं यूएसआर-लोकलमध्ये ठेवायचं, तिथे अपडेट हात लावत नाही. एकाच नावाचे दोन प्रोग्राम असले, तरी सिस्टीम आधी लोकलमधलाच चालवते. पेनड्राइव्हवरून प्रोग्राम तिथल्या बिन फोल्डरात टाकला. लेबल निघालं.

साहेबाचा विश्वास बसेना. "अपडेटमधलं ज्या पॅकेजने घात केला, ते पुन्हा टाक. माझ्यासमोर."

पॅकेज, म्हणजे तोच नवा प्रोग्राम, पुन्हा टाकला आणि लेबल छापायला सांगितलं. लेबल आलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं, जणू चूक मागच्या बाजूला असेल.

"बस इथेच. पण लक्ष आहे माझं."

"थँक्यू साहेब," मी म्हणालो. तसं म्हणालो याचा राग अजून गेलेला नाही. तेच मावशीला म्हणायला बाहेर धावलो, तर पाळी संपून तिची रिक्षा सुटली होती.