दुकानात सुटलेलं बोलणं

आमचे हे लॉन्ड्रीतले मोठे ड्रायर दुरुस्त करतात. आज वायर आणायला मीही बरोबर गेले. दुकानवाली हसून म्हणाली, “काय भाऊ, पुन्हा हीटर गेला वाटतं?” आणि न सांगताच तिने जास्त उष्णता सोसणारी वायर नि चिनी मातीचे कनेक्टर पुढे ठेवले. मग हे बोलतच सुटले. कनेक्टर कसा ढिला पडला, वायर कशी काळी झाली. ती भाऊ म्हणते, तरी मला झोंबलं. माणसात एवढं बोलणं साठलेलं असतं आणि ते घराबाहेरच सांडतं.

येताना मी धीर करून विचारलं, “अहो, कनेक्टर ढिला कशाने पडतो?”

“तुला काय कळायचंय त्यातलं?”

त्या दुकानवालीलाही कुणीतरी पहिल्यांदा सांगितलंच असेल ना.