बिरूमास्तरांचा पडता तारा

शाळेतली पोरं निदान पास होऊन बाहेर तरी पडतात. किस्से मात्र एकाच इयत्तेत बसून राहतात, आणि दरवर्षी त्यांच्या शेजारी नवे येऊन बसतात. आमच्या बारामतीच्या शाळेत मी ड्रॉइंग शिकवायचो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. त्या काळातले निम्मे किस्से एकट्या बिरूमास्तरांचे आहेत. उरलेल्या निम्म्यात हेडमास्तर आहेत, पण त्यांना ते किस्से वाटत नाहीत.

बिरूमास्तर गणिताचे. गाव निरवांगी, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, घराण्यातला पहिलाच बी.ए. असा माणूस नोकरी लागली की शिकवण्या धरतो, जागा बघतो, सोयरीक जमवतो. ह्यांनी तारा धरला!

म्हणजे असं की, ताऱ्याच्या आतली धग संपली की तो स्वतःच्याच वजनानं आत कोसळायला लागतो. कुठवर कोसळतो? विलायतेत यावर मोठमोठ्या प्रोफेसरांची जुंपली होती. एक पक्ष म्हणे, तारा पुरेसा जड असेल तर थांबतच नाही, इतका आक्रसतो की त्याचा उजेडसुद्धा बाहेर पडू शकत नाही. दुसरा पक्ष म्हणे, निसर्गाला काही लाजलज्जा आहे, असलं काही होत नाही. मास्तरांनी सापेक्षतावादाची समीकरणं घेतली आणि विहिरीकडच्या आपल्या खोलीत बसून सिद्ध केलं, की तारा थांबतो. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कशातून सुटलो ते विचारू नका.

हेडमास्तरांनी मात्र मुद्द्याचं विचारलं. "उजेड बाहेर पडत नाही म्हणजे तो तारा दिसणार नाही?"

"नाही दिसणार, साहेब."

"मग थांबला काय नि न थांबला काय, तक्रार कोण करणार?"

शाळा चालवण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता.

*

मास्तरांचा नि माझा वर्ग एकच. फळाही एकच. त्याच्या डाव्या निम्म्यावर त्यांचं ताऱ्याचं गणित, आणि वर ठसठशीत अक्षरात 'पुसू नये'. उजव्या निम्म्यावर मी.

वर्षभर मी पोरांना आंबा शिकवला, तोही अर्धा. ड्रॉइंगच्या वरच्या परीक्षेला पूर्ण आंबा आला तेव्हा आमच्या शाळेच्या झाडून सगळ्या पोरांनी उजवीकडचा आंबा काढला आणि डावीकडं समीकरण! परीक्षकांनी खाली लिहिलं, 'छायाप्रकाश चांगला.'

*

मास्तरांना नाव नको होतं, बढती नको होती. त्यांना एक वाचणारा हवा होता. आपण लिहिलंय ते कुणीतरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, डोकं लावून वाचावं, एवढंच. त्यासाठी त्या माणसाचा जीव तुटायचा. वाईट वाटायचं बघून, पण गणित बघितलं की आमचं वाईट वाटणं लगेच आवरायचं.

पहिल्यांदा त्यांनी हेडमास्तरांना दिलं. ते चहा संपायच्या आत परत आलं. खाली 'पाहिले', सही आणि शाळेचा शिक्का.

"साहेब, तो दाबाचा भाग पटला का?" मास्तरांनी आशेनं विचारलं.

"पटला ना. अक्षर सुबक आहे तुमचं."

मग एका वकिलांना दिलं. त्यांनी आठवडाभर ठेवून घेतलं आणि म्हणाले, "बाजू भक्कम आहे, पण मास्तर, प्रतिवादी कोण?" मग डॉक्टरांना. त्यांनी कागद बाजूला ठेवून मास्तरांची नाडी बघितली आणि झोप कशी लागते ते विचारलं.

पुण्याला दोन ठिकाणी पाठवलं. तिकडून काहीच आलं नाही. पुण्याच्या मानानं हे सभ्यच म्हणायचं.

*

एकदा इंदापुरातल्या वाचनालयानं व्याख्यान ठेवलं. विषय छापला, 'आकाशातील चमत्कार'. चमत्कार म्हटल्यावर आसपासची मंडळी बैलगाड्या जुंपून आली.

मास्तर रंगात आले. म्हणाले, "समजा तुम्ही लांब बसून तारा कोसळताना बघताय. तुम्हाला तो त्या शेवटच्या सीमेवर पोचलेला कधीच दिसणार नाही. जसजसा जवळ जाईल तसतसा मंदावत जाईल, तुमच्या लेखी ते संपतच नाही. पण जो ताऱ्याबरोबर आत पडतोय, त्याच्या घड्याळात सगळं हां हां म्हणता उरकतं."

तासभर कुणी हाललं नव्हतं. मास्तरांना वाटलं, भेटले आपले वाचणारे. शेवटी सणसरचे एक तात्या उठले. ऊसवाले, पटका बांधलेला भारदस्त माणूस.

"मास्तर, समदं कळलं. बोलनाऱ्याचं बेगीनं उरकतंय, आन्‌ आमी हितं बसल्यालं, आमचं काय संपत न्हाय. व्हय का न्हाय?"

टाळ्या तेवढ्यालाच पडल्या. मास्तरांना हार घातला, नारळ दिला आणि पुढच्या वर्षी आग्रहानं कीर्तन ठेवलं.

*

सुट्टीत मी त्यांच्याबरोबर निरवांगीला गेलो होतो. मास्तरांचे आबा कांबळं अंथरून अंगणात बसलेले. आता मेंढरं थोडीच होती, मळ्यात वांगी-मिरची निघत होती. मास्तरांनी आबांनाही सोडलं नाही. तारा, वजन, दाब, सगळं सांगितलं. आबांनी मान हलवत नीट ऐकून घेतलं.

"तारा कुनाचा हाय?"

"कुणाचा नाही, आबा."

"सरकारी?"

"नाही."

"मग तू का रं वाळतुयास त्याच्यापायी?"

येताना बारामतीच्या अलीकडं, पिंपळीजवळ मास्तर म्हणाले, "आबांनी निदान प्रश्न तरी विचारले."

*

आता इन्स्पेक्टरांचं सांगतो.

शाळेची तपासणी आली की आमच्याकडं भिंतींना चुना, पोरांना टोप्या आणि मास्तरांना ताप यायचा. हे इन्स्पेक्टर नवे होते, कधीच हसत नाहीत अशी त्यांची कीर्ती. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी बजावलं, "बिरूमास्तर, तेवढा फळा पुसा." मास्तर म्हणाले, "साहेब, तुम्ही 'पाहिले' म्हणून सही केलीय." हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी आंब्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर वर्गात आले. पोरं उभी राहिली, पाठ केलेलं स्वागत म्हणून मोकळी झाली. साहेबांचं लक्षच नाही. ते फळ्यासमोर उभे. एकेका ओळीवरून बोट नेत खाली येत होते. मध्येच परत वर जात, ओठांतल्या ओठांत काही मोजत, पुन्हा खाली. मास्तर कोपऱ्यात भिंतीला टेकले होते आणि त्यांचे डोळे त्या बोटावरून हलत नव्हते.

मग साहेबांनी खडू उचलला आणि एका चिन्हाभोवती गोल काढला.

"इथं वजा नाही, अधिक हवं. दाब ताऱ्याला बाहेर रेटतो, बरोबर. पण तुमच्या ह्याच समीकरणांत दाबालाही वजनासारखी आत खेचणारी ओढ असते. तारा जितका जोर लावील, तितका जास्त ओढला जाईल." खडू खाली ठेवत म्हणाले, "जड तारा तुमच्या हिशोबानं थांबत नाही, मास्तर."

हेडमास्तर पांढरेफटक. "साहेब, मी ह्यांना आधीच सांगत होतो!"

साहेब तोवर पुढच्या वर्गात गेले. मास्तर पोरांच्या बाकावर बसले, ती ओळ पाटीवर पुन्हा मांडली, पुसली, परत मांडली. मग उठून तडक शाळेबाहेर गेले.

आम्ही सगळे शिक्षकांच्या खोलीत सुतकात बसल्यासारखे. एवढ्या वर्षांची मेहनत एका रेघेनं गेली. त्यांच्या मागं कुणाला पाठवावं, यावर चर्चा चालली होती. काय बोलून धीर द्यायचा, हे हेडमास्तरांनी मनाशी जुळवून ठेवलं होतं.

एवढ्यात मास्तर दारात. घामाघूम, हातात पेढ्यांचा पुडा. पहिला पेढा हेडमास्तरांपुढं धरला.

"हे कशाबद्दल?" हेडमास्तर जपून म्हणाले.

"चूक सापडली, साहेब."

हेडमास्तरांचा चेहरा उजळला. "विलायतवाल्यांची?"

"माझी. घ्या ना साहेब, दोन घ्या."